दुखत नाही म्हणून

सकाळी ८.१०
सोलापुरात एप्रिल सरत आलाय. आठ वाजताच ऊन अंगावर येतंय. पायांच्या दवाखान्याचं शटर वर करून सिस्टर आधी हत्यारं वाफेनं निर्जंतुक करणाऱ्या ऑटोक्लेव्हकडे जातात. काल रात्रीच वीज गेली. रात्री लावलेला ड्रम निम्म्यातच थांबलाय. आता तो पुन्हा लावायचा. १२१ अंशांवर पंधरा मिनिटं ठेवायचं, पण तापणं, निवणं, सुकणं धरून तास जातो. ड्रेसिंगचे सेट चौदा. आजचे पेशंट एकतीस. दार उघडायच्या आधीच दिवसाचं गणित बिघडलं.

८.५०
बाहेर खुर्च्या सहा, माणसं अकरा. बहुतेकांना शुगर, बहुतेकांच्या पायाला पट्टी. ड्रेसिंगचे दोनशे रुपये. गॉज, पट्टी, सलाईन, हातमोजे त्यातच आलं. सिस्टर वीस वर्षं हेच काम करतायत. पगार सतरा हजार. बसायला वीतभर उंचीचं लाकडी स्टूल, म्हणजे पेशंटचा पाय बरोबर डोळ्यांसमोर येतो. मी कोपऱ्यात उभा राहतो.

९.३०
पहिले गृहस्थ यंत्रमागावर कामाला आहेत. वय बावन्न. उजव्या अंगठ्याच्या बुडाशी, तळव्यावर जखम. आतलं गॉज चिकटलंय. सिस्टर ते ओढत नाहीत. वर सलाईन सोडतात आणि थांबतात. आपसूक सुटू देतात. मग कागदी पट्टी लावून माप घेतात. महिन्यापूर्वी लांबी तीन सेंटिमीटर होती. आजही तीनच. चार आठवड्यांत जखम निम्मी तरी व्हायला हवी. नाही झाली, तर कुठंतरी काही चुकतंय.

"कामावर जाताय का?"
"न्हाई."

सिस्टर काढलेली पट्टी उलटी करून बघतात. तळव्याच्या बाजूला तेलाचा काळा डाग, त्यात अडकलेले सुताचे तंतू. त्या काहीच म्हणत नाहीत. तेच चिडतात. "महिना झाला, येतोय, पैसे देतोय. तुमच्या ड्रेसिंगनं काय फरक पडंना." मग आवाज खाली येतो. "बसून राहिलो तर रोजचे पाचशे कोण देणार?"

सिस्टर जखमेभोवतीचा घट्टा ब्लेडनं तासतात. पापुद्रा पापुद्रा निघतो, रक्ताचा थेंब येऊ न देता. मग फोमचा जाड तुकडा घेतात, जखमेएवढी जागा कापून काढतात आणि तळव्याला चिकटवतात. पाय टेकला तरी भार जखमेच्या कडेनं जावा. "उभं राहणं निम्म्यावर आणा. मालकाशी मी बोलू का?" ते मान हलवतात. हो की नाही, ते मला कळत नाही.

१०.४५
माढा तालुक्यातल्या आजी. सोबत मुलगा. पाच दिवसांपूर्वी तुळजापूरला अनवाणी दर्शन झालं. फरशी तापलेली. दोन्ही तळव्यांना फोड आलेत, त्यावर टूथपेस्ट लावलीय. आजी म्हणतात, "भाजलं असतं तर कळलं नसतं व्हय मला?"

सिस्टर टूथपेस्ट धुऊन काढतात. मग प्लॅस्टिकच्या दांडीला बसवलेला नायलॉनचा दोरा काढतात. तळव्याला उभा टेकवला की दहा ग्रॅमच्या दाबाला तो वाकतो. तेवढा दाब कळला नाही, तर त्या पायाला धोका आहे असं धरायचं.

"आजी, डोळे मिटा. लागलं की हो म्हणा."

आधी दोरा हाताला लावतात. आजी लगेच "हो" म्हणतात. मग फोड टाळून अंगठ्याला. दोरा वाकतो. आजी गप्प. करंगळीच्या बुडाशी. दोरा वाकतो. आजी गप्पच. थोड्या वेळानं डोळे मिटूनच विचारतात, "लावा की, कधी लावताय?"

मुलगा दोऱ्याकडे बघत असतो. त्याचा चेहरा उतरतो. आजी अठ्ठ्याहत्तरच्या, त्यांना एसटी फुकट. त्याला पूर्ण तिकीट, आणि आजचा रोज बुडाला. "दर तिसऱ्या दिवशी यायचं" हे ऐकून तो बोटांवर हिशोब करतो. सिस्टर त्याला गावातल्या उपकेंद्राचं विचारतात. पट्टी कशी बदलायची ते दोनदा करून दाखवतात. आठवड्यातून एकदाच या, म्हणतात.

१२.२०
वीज पुन्हा गेली. धुतलेले सेट ट्रेमध्ये पडून. डॉक्टर दुसऱ्या रुग्णालयात एका बोटाच्या शस्त्रक्रियेत अडकलेत. बाहेर आता सतरा माणसं. पंखा बंद. नऊ नंबरचे काका दारात येऊन ओरडतात, "सकाळधरनं बसलोय. माणसं हाय का जनावरं?" सिस्टर हातमोजे काढतात, बाहेर जातात आणि आहे ते सांगतात. सेट संपलेत. निर्जंतुक न केलेल्या चिमट्यानं मी कुणाच्या जखमेला हात लावणार नाही. ज्यांची गाडी आहे त्यांना आधी घेते. काका बसतात, पण पुटपुटत.

२.१०
माणूस आत येण्याआधी वास येतो. निवृत्त एसटी ड्रायव्हर. पट्टी तीन आठवड्यांपूर्वीची, ह्याच दवाखान्यातली. दुसरं बोट काळं पडलंय.

"एवढे दिवस का नाही आलात?"
"दुखत न्हाई म्हणून आलो न्हाई."

डॉक्टर आलेत. बोथट टोकाची सळई जखमेत हळूच घालतात. आत कठीण काहीतरी लागतं. हाड. एक्स-रे काढायला सांगतात, पण बोट जाणार हे त्यांच्या तोंडावर दिसतं. आणि ड्रायव्हर सिस्टरवर उखडतात. "तुमी पट्टी नीट बांधली असती तर ही येळ आली असती का?"

रजिस्टर सिस्टरच्या हाताशीच आहे. त्यात सात तारखांसमोर 'गैरहजर' आणि त्याखाली तीन वेळा 'फोन केला'. मला वाटतं, उघडून दाखवावं. त्या दाखवत नाहीत. बोटाभोवती पट्टी गुंडाळतात, गाठ घालतात आणि म्हणतात, "पाय वाचवायचाय आता. उद्या सकाळी उपाशी पोटी या."

३.१५
डबा. कडक भाकरी, शेंगाचटणी. जेवणाला दहा मिनिटं. उठताना सिस्टर गुडघ्यावर हात देतात. "शिव्यांचं काय वाटत नाही," म्हणतात. "दुखणारा माणूस ऐकतो हो. ह्यांचं दुखतच नाही, मी कशाच्या जोरावर सांगू?"

४.३०
चपलांची वेळ. एमसीआर रबराची चप्पल, अकराशे रुपये. हे मऊ रबर आधी कुष्ठरुग्णांच्या चपलांसाठी वापरात आलं. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिलं होतं की त्या रुग्णांच्या हातापायांची नासाडी मुख्यतः वेदना न कळण्यानं होते. शुगरच्या बधिर पायाचंही तेच. पण चपलेसोबत जुनी भीतीही आली. एक बाई चप्पल परत करतायत. "शेजारीण विचारती, महारोग झालाय का म्हणून."

सिस्टर त्यांची जुनी सँडल हातात घेतात, आत बोटं फिरवतात आणि थांबतात. चिमट्यानं एक चुका ओढून काढतात. सेंटिमीटरभर लांब. बाई आज सकाळी त्याच सँडलवर चालत आल्यात. तळव्याला बारीक भोक. सिस्टर चुका त्यांच्या हातावर ठेवतात. बाई बराच वेळ बघत राहतात. नवी चप्पल ठेवून घेतात. पाचशे आज, बाकीचे पुढच्या महिन्यात.

७.२०
एकतीसपैकी सत्तावीस झाले. चार जण आलेच नाहीत. सिस्टर स्वतःच्या मोबाइलवरून फोन लावतात. एक लग्नाला गेलाय. एकीला सोबत यायला माणूस नाही. एक म्हणतो, "बरं हाय की आता, दुखत न्हाई." चौथा उचलत नाही. त्याचं नाव उद्याच्या यादीत सगळ्यात वर लिहितात. ड्रम पुन्हा लावतात. वीज टिकली तर सकाळी चौदाही सेट तयार असतील.

तुमच्या घरात शुगरचं माणूस असेल, तर आज रात्री त्याचे तळवे उजेडात धरून बघा. बोटांच्या बेचक्यातही बघा. चपलेत हात घालून बघा. दुखतंय का, एवढं विचारून भागत नाही.