जुन्या पिकअपचे कमानपाटे

रावेर-यावलच्या बागांतून केळ्यांचे घड वाहणारी पिकअप कांहीं वर्षांनीं मागून बसूं लागते. काळ्या मातीच्या चाकोऱ्यांत तिचें पोट घासूं लागलें, कीं धनी जळगांवास किंवा धुळ्यास मिस्त्रीकडे जाऊन "गाडी उचलून द्या," असें सांगतो. परंतु गाडीची उंची वाढणें निराळें आणि भार सोसण्याची शक्ति वाढणें निराळें.

कमानपाट्याचें ताठपण त्याच्या जाडीच्या घनाप्रमाणें वाढतें. ८ मिलिमीटरच्या पाट्याऐवजीं तेवढ्याच लांबी-रुंदीचा १० मिलिमीटरचा घातला, तर तो जवळजवळ दुप्पट ताठ होतो. भरल्या गाडीस तो मानवेल. परंतु रिकाम्या परतीच्या वाटेवर तीच गाडी खड्ड्यांत उसळते व मागील चाकांची पकड सुटते.

म्हणून आधीं गाडी सपाट जागीं रिकामी उभी करून आंस व सांगाडा यांमधील अंतर दोन्ही बाजूंस मोजावें. मग नेहमींचा माल भरून पुन्हां मोजावें. रिकामी असतांच ती मूळच्या मापाहून खालीं असेल, तर पाट्यांची कमान उतरली आहे असें समजावें; मूळ मापाचा नवा संच पुरेसा होतो. केवळ भरल्यावर फार बसत असेल, तर भाराखालींच टेकणारा एक जादा पाटा बसवावा.

ठोकळे घालून नुसती उंची वाढविल्यास गुरुत्वमध्य वर जातो आणि धुळ्याजवळच्या लळिंग घाटांत गाडी कलंडण्याचें भय वाढतें. पाटे कितीही दणकट घातले, तरी ब्रेक, आंस व टायर पूर्वींचेच राहतात. म्हणून नोंदणीपत्रांतील भाराची मर्यादा पाळूनच पाट्यांची निवड करावी.