विश्लेषण : पंचगंगेचे संथ पाणी कयाकसाठी किती सुरक्षित?

हिवाळ्यात सकाळी पंचगंगा घाटावर उभे राहिले, तर नदी वाहते आहे की थांबली आहे हे चटकन कळत नाही. असे पाणी पाहून कयाक घेऊन उतरण्याचा मोह कोणालाही व्हावा. मात्र हा संथपणा मुख्यतः बंधाऱ्यांनी आणलेला आहे आणि धोकाही तिथेच आहे.

कयाक आणि कॅनू यांत फरक काय?

कयाकमध्ये पाय पुढे पसरून बसतात आणि दोन्ही टोकांना पाते असलेले वल्हे चालवतात. कॅनूच्या वल्ह्याला एकाच टोकाला पाते असते. त्यात गुडघ्यांवर किंवा आडव्या फळीवर बसतात. दोन्ही होड्या अरुंद, हलक्या आणि उथळ पाण्यातही चालणाऱ्या. नवख्याला वरून उघडी असलेली कयाक बरी, कारण ती उलटली तरी पाय आत अडकत नाहीत.

नदी इतकी संथ कशी?

कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती यांचे पाणी घेऊन प्रयाग चिखलीपासून पुढे येणारी पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेस मिळते. या नद्यांवर ठिकठिकाणी ‘कोल्हापूर पद्धतीचे बंधारे’ आहेत. ठरावीक अंतरावर पक्के खांब आणि त्यांच्या खाचांत बसवलेले बरगे, अशी त्यांची रचना. पावसाळा सरला की बरगे घालून पाणी अडवतात, पुढच्या पावसाळ्यापूर्वी ते काढतात. अडलेल्या पाण्याचा फुगवटा मागे दूरवर पसरतो. हे पाणी शेती आणि पिण्यासाठी. होडीला मिळणारा शांत पट्टा हा त्याचा जोडफायदा.

मग धोका कुठे?

बंधाऱ्यापाशी. कयाकमध्ये माणूस पाण्याच्या पातळीलगत बसतो. वरच्या बाजूने येताना त्याला पलीकडची उडी दिसत नाही, पाणी सपाटच वाटते. बंधाऱ्यावरून पडणारे पाणी पायथ्याशी उलटे फिरून भिंतीकडे ओढते. त्या भोवऱ्यात सापडलेला माणूस लाइफ जॅकेट असूनही सुटेलच असे नाही. काही बरगे काढलेले असतील तर त्या फटींकडे जोराची ओढ असते. होडी खांबांवर आडवी अडकते आणि पाणी तिला दाबून धरते. म्हणून पुढचा बंधारा कुठे आहे हे उतरण्याआधीच माहीत हवे. त्याच्या बऱ्याच अलीकडे काठाला लागावे आणि होडी उचलून पलीकडे न्यावी.

कोणता हंगाम योग्य?

साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी. जून ते सप्टेंबर नदीत उतरूच नये. राजाराम बंधाऱ्याजवळ इशारा पातळी ३९ फूट, तर धोका पातळी ४३ फूट आहे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत पाणी ५५ फुटांपलीकडे गेले होते. शिवाय राधानगरी धरण भरले की त्याचे स्वयंचलित दरवाजे आपोआप उघडतात. शहरात पाऊस थांबलेला असतानाही नदी चढू शकते, ती यामुळे. उन्हाळ्यात प्रवाह घटतो आणि खालच्या पट्ट्यात जलपर्णी वल्हे अडवते.

पाणी स्वच्छ आहे का?

सर्वत्र नाही. शहरांचे सांडपाणी, इचलकरंजी परिसरातील प्रक्रिया उद्योगांचे पाणी यांमुळे नदी खालच्या टप्प्यात अधिक दूषित आहे. नाले मिसळतात ती ठिकाणे टाळावीत. अंगावर उघडी जखम असेल तर उतरू नये आणि नंतर स्वच्छ पाण्याने आंघोळ करावी.

काळजी कोणती घ्यावी?

पोहता येत असले तरी लाइफ जॅकेट अंगात, बंद लावून हवे. होडीत ठेवलेले जॅकेट उपयोगाचे नाही. पहिला सराव प्रवाह नसलेल्या तलावात, प्रशिक्षकासोबत करावा. नदीत एकट्याने जाऊ नये, परतीची वेळ घरी सांगावी. परवानगी आणि पाण्याच्या विसर्गाची चौकशी आधीच करावी.

कोल्हापूर-सांगलीला पाणी नवे नाही. इथे होड्यांच्या शर्यती रंगतात आणि महापुरात गुळाच्या काहिलीतूनही माणसे बाहेर काढली गेली आहेत. पण ८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे पूरग्रस्तांना नेणारी बोट उलटून अनेकांचा बळी गेला, तोही याच खोऱ्यात. हौसेने उतरणाऱ्यांनी तरी आधी काठावरच्या नावाड्याला पाण्याचा अंदाज विचारावा. तो ‘नको’ म्हणाला, तर त्या दिवशी कयाक पाण्यात घालू नये.