मिल थांबली, पण बंद झाली का?

"मिल बंद झाली का?" कंट्रोल रूममधून विचारणा होते. "झाली साहेब, दहा मिनिटं झाली," खालून उत्तर येतं. सिमेंटच्या मिलवर देखभालीचं काम करताना हे संभाषण मी इतक्यांदा ऐकलं आहे की त्याची मोजदाद नाही. त्यातल्या उत्तराची मला आजही धास्ती वाटते. दहा मिनिटांत मिल थांबते हे खरं, पण बंद व्हायला तिला कित्येक तास लागतात. थांबणं आणि बंद होणं यांतला हा फरक न कळल्यामुळे यंत्रं मोडतात आणि माणसं जखमी होतात, कधी जिवानिशी जातात.

चंद्रपूर जिल्ह्यात चुनखडी आणि कोळसा जवळजवळ सापडतात. म्हणून घुग्घुस, आवारपूर, गडचांदूर या पट्ट्यात सिमेंटचे मोठे कारखाने उभे राहिले. तिथली बॉल मिल लांबून पाहिली तर आडवी टाकलेली लोखंडी टाकीच वाटते. समजा तिचा व्यास 4 मीटर आणि लांबी 13 मीटर आहे. तिच्या पोटाचा जवळपास 30 टक्के भाग पोलादी गोळ्यांनी भरलेला असतो. म्हणजे नुसते गोळेच 200 टनांच्या वर. हा सगळा ऐवज मिनिटाला सुमारे 16 फेरे घेत असतो. एवढं ओझं एका बटणाने गप्प होईल हे मानणं, हाच पहिला गैरसमज.

मिल फिरत असताना गोळे तळाशी सपाट पडलेले नसतात. ज्या बाजूने मिल वर जाते त्या बाजूला ते चढलेले असतात आणि तिथून खाली कोसळत राहतात. मोटर सुटली की चढलेला ढीग मिलला उलटी ओढतो. मिल मागे येते, पुन्हा पुढे जाते, पाळण्यासारखे हेलकावे घेत घेत हळूहळू स्थिरावते. मोटरचा वीजप्रवाह शून्य झालेला कंट्रोल रूमच्या पडद्यावर दिसतो, आणि त्याच वेळी खाली मिल झुलत असते. म्हणून डोळ्यांनी पाहिल्याशिवाय "थांबली" असंही म्हणू नये.

"थांबल्यावर तरी ती हलत नाही ना?" हलू शकते, आणि सगळ्यात वाईट अपघात इथेच होतात. देखभालीसाठी मिल थोडीथोडी फिरवायला वेगळी छोटी मोटर असते, तिला इंचिंग ड्राइव्ह म्हणतात. हवा तो मॅनहोल वर आणला, ब्रेक लावला, की आतले गोळे एका बाजूला चढलेल्या अवस्थेतच अडकून राहतात. ताणून धरलेल्या धनुष्यासारखी ती अवस्था असते. आता ब्रेक घसरला किंवा कोणी चुकून सोडला, तर 200 टनांचा ढीग मिलला मागे फेकतो आणि गिअरमधून ती छोटी मोटर उलटी पळू लागते. हिशोब करून पाहा. इंचिंगची मोटर 1,500 फेरे घेते तेव्हा मिल फिरते जेमतेम 0.15 फेरा, म्हणजे प्रमाण दहा हजाराला एक. मिल नुसत्या 2 फेऱ्यांच्या वेगाने मागे आली, तरी मोटरला 20,000 फेऱ्यांनी पळावं लागेल. एवढा वेग तिला सोसत नाही. कपलिंगचे तुकडे गोळीसारखे उडतात. म्हणून गोळे चढलेले असताना ब्रेकला हात लावायचा नाही. आधी मिल ताब्यात ठेवून तोल साधेपर्यंत हळूहळू मागे येऊ द्यायची, मगच ड्राइव्हवर काम करायचं.

दुसरा लाडका समज असा की बंद करण्याआधी मिल जितकी रिकामी चालवू तितकी चांगली साफ होते. गावातल्या पिठाच्या गिरणीवाल्याला विचारा. हॉपरमधले दाणे संपत आले की तो हाताने चाक फिरवून दगड ढिले करतो. रिकामे दगड एकमेकांवर घासले तर ते जळतात, टाके बोथट होतात आणि पिठात कचकच येते, हे त्याला कोणी पुस्तकातून शिकवलेलं नसतं. बॉल मिलचं तसंच आहे. 90 मिलिमीटरचा एक गोळा साधारण 3 किलोचा असतो. मिलमध्ये माल असेपर्यंत तो मालावर पडतो, माल संपला की सरळ लायनरवर, म्हणजे मिलच्या आतल्या अस्तरावर, आदळतो. लायनर तडकतात, बोल्ट सैल होतात, गोळेही फुटतात. फीड, म्हणजे आत येणारा माल, बंद केल्यावर थोडी मिनिटंच मिल चालवायची, आणि ती किती हे कान सांगतो. भरलेल्या मिलचा आवाज दबका, घुमणारा असतो. रिकामी होऊ लागली की तो टणटणीत होतो. आता कानाचं काम करणारी उपकरणं मिलला लावलेली असतात, तरी जुना ऑपरेटर अजून खिडकीपाशी जाऊन एकदा ऐकतोच.

मिल थांबल्याबरोबर पंखे, एलिव्हेटर, तेलाचे पंप सगळं एकदम बंद करायचं, म्हणजे वीज वाचते, असं म्हणणारेही भेटतात. यात वाचते त्याच्या कितीतरी पट खर्च पुढे होतो. बंद करण्याचा क्रम मालाच्या वाटेने चालतो: आधी फीड, मग मिल, मग पुढचं एकेक यंत्र आपापल्या पोटातला माल संपवून. बॅग फिल्टरचा पंखा सगळ्यांत शेवटी, कारण आत कोंडलेली दमट गरम हवा गार झाली की पिशव्यांवर पाणी धरतं आणि त्यावरची सिमेंटची धूळ तिथेच थापली जाते.

तेलाच्या पंपाची गोष्ट तर याहून मोठी आहे. सिमेंट दळताना मिलच्या आतलं तापमान 100 अंशांच्या वर गेलेलं असतं. मिल थांबली तरी ती उष्णता कुठे जात नाही, ती सावकाश बेअरिंगकडे सरकते. बेअरिंगमधला व्हाइट मेटल मऊ धातू आहे, 240 अंशांच्या आसपास तो वितळूच लागतो आणि त्याच्या बराच आधी ताकद सोडतो. तेल वाहत राहिलं तरच तो वाचतो. शिवाय गार होताना मिल आखडते. 13 मीटर लांबीचं पोलाद 80 अंशांनी गार झालं की सुमारे सव्वा सेंटिमीटर कमी होतं आणि तेवढं ते बेअरिंगवरून सरकतं. तेल नसेल तर कोरडंच सरकतं. एकाच अंगावर पडून राहिलेली गरम मिल वाकूही शकते. खालची बाजू गरम मालाने तापलेली असते आणि वरची गार होत जाते. म्हणून सुरुवातीचे काही तास तिला ठरावीक वेळाने अर्धा फेरा फिरवायचं, आणि त्याआधी जास्त दाबाचा तेलपंप लावून तिचं वजन बेअरिंगवरून कणभर उचलायचं.

कोळशाच्या मिलबद्दल थोडक्यात. सिमेंटची पूड पेटत नाही, कोळशाची पेटते. आत गरम पूड ठेवून मिल थांबवली तर ती मूकपणे धुमसते, आणि कोणी दार उघडलं की ताज्या हवेने भडका उडतो. थांबवण्यापूर्वी ती रिकामी करायची, कार्बन मोनॉक्साइडचा आकडा वर चढतोय का ते पाहत राहायचं, आणि चढत असेल तर दाराला हात न लावता आत कार्बन डायऑक्साइड किंवा नायट्रोजन सोडायचा.

आता ज्या समजाने माणसं मरतात तो. "इमर्जन्सी स्टॉप दाबलाय, आत जा." ते लाल बटण फक्त कंट्रोलची आज्ञा तोडतं. मोटरकडे येणारी 6.6 किंवा 11 किलोव्होल्टची वीज ब्रेकरपर्यंत उभीच असते, आणि बटण फिरवून सोडायला दोन बोटं पुरतात. आत उतरायचं असेल तर ब्रेकर बाहेर ओढून अर्थ करायचा आणि त्याला कुलूप घालायचं. इंचिंगच्या मोटरचंही तेच, तिला लोक विसरतात. उभ्या रोलर मिलमध्ये हायड्रॉलिकच्या नायट्रोजन बाटल्यांत दाब धरून राहतो, तोही सोडायचा. चुकून चालू होऊ शकेल असा स्विच सुरक्षित जागी कुलूपबंद करण्याची सोय हवी, हे 1948 च्या कारखाने अधिनियमाच्या 24व्या कलमात लिहिलेलं होतं. टाकीसारख्या बंदिस्त जागेत 24 व्होल्टपेक्षा जास्तीचा हातदिवा नको, हेही त्याच कायद्यात होतं.

एका कारखान्यातली रात्रपाळी मला आठवते. लायनर बदलायला चौघं आत होते आणि ब्रेकरवर कुलूप एकच, सुपरवायझरचं. पाळी बदलली. नव्या सुपरवायझरला किल्ली मिळाली, आत कोण आहे ते मात्र कोणी सांगितलं नाही. एका फिटरची चप्पल मॅनहोलपाशी दिसली म्हणून कोणीतरी आत डोकावलं. बाकी काही घडलं नाही, पण त्या चपलेने चौघांचा जीव वाचवला होता.

आत उतरणाऱ्या प्रत्येकाचं ब्रेकरवर स्वतःचं कुलूप हवं. चौघं असाल तर चार कुलपं लावा, ज्याची किल्ली त्याच्याच खिशात ठेवा, आणि स्वतः बाहेर आल्याशिवाय ती कोणाला देऊ नका, मागणारा साहेब असला तरी.