बंधाऱ्याखालचा डोह आणि चढणीचे मासे

मी धानोऱ्याहून बोलतेय. बचत गटांचं काम करते, त्यामुळे एरवी माझं बोलणं हप्ता, व्याज, पासबुक एवढ्यावरच असतं. आज मात्र माशांवर बोलणार आहे, कारण मागच्या बैठकीत हप्ते बाजूला राहिले आणि माशांवरून भांडण जुंपलं.

झालं असं, एक मावशी म्हणाल्या, "पहिला पाऊस पडला की बंधाऱ्याखाली मासा उड्या मारतो. टोपलीनं धरता येतो. गटानं मिळून धरू, सुकवू, विकू. कर्ज कशाला काढायचं?" तर दुसरी ताई उसळून म्हणाली, "त्याच माशांच्या पोटात अंडी असतात. ती आपण खाल्ली, म्हणून तर आता डोहात काही राहिलं नाही."

दोघींचंही खरं आहे. पण मासा तिथेच का गोळा होतो, हे आधी समजून घेऊ.

बंधारा पाणी अडवतो. पाणी वरून खाली पडतं, तिथली माती उकरली जाते आणि खोल डोह होतो. पडणाऱ्या पाण्यात हवा मिसळते, वरून किडे, गांडुळं, शेवाळ वाहत येतं. माशाला श्वासाला हवा मिळते, तोंडाशी खाणं येतं आणि उन्हाळ्यात बाकी नदी आटली तरी खोल पाण्यात जीव वाचतो. म्हणजे मे महिन्यात त्या डोहात जो मासा जगतो, तेच आपलं पुढच्या वर्षाचं बियाणं. बियाण्याची ज्वारी आपण दळायला काढतो का?

आता चढणीचे मासे. आपल्याकडचं पाणी तापीत जातं आणि तापी पुढे गुजरातेत उकाईच्या जलाशयाला मिळते. ते धरण १९७२ साली पूर्ण झालं. रोहू, कटला, मृगळ हे मासे साचलेल्या पाण्यात वाढतात, पण अंडी सोडायला त्यांना पावसाचं गढूळ, वाहतं पाणी लागतं. म्हणून पूर आला की ते प्रवाहाच्या उलट वर निघतात. एक किलोच्या रोहूच्या पोटात लाखाच्या वर अंडी असतात. ती वाहत्या पाण्यात सुटतात आणि पंधरा-अठरा तासांत त्यांतून पिल्लं निघतात. पण वर चढायला वाट नसेल तर? मोठ्या नदीवर प्रकाशा आणि सारंगखेड्याचे बॅरेज आहेत. पुरात त्यांचे दरवाजे उघडतात, तेव्हा वाट होते. आपल्या लहान नद्यांवर कोल्हापुरी बंधारे असतात. त्यांच्या खांबांमधले बरगे पावसाळ्यापूर्वी काढायचे आणि पावसाळा सरताना परत बसवायचे, असा नियम आहे. बरगे वेळेत निघाले तर गाळही वाहून जातो आणि मासाही वर जातो. न निघाले तर मासा भिंतीवर आपटत खालीच राहतो आणि आपण म्हणतो, काय मासा आलाय यंदा! (बरगे चोरीला जातात ते वेगळंच. त्यावर एक अख्खा कार्यक्रम करावा लागेल.)

म्हणून माझं मत सांगते. पहिल्या पुराचे आठ-दहा दिवस बंधाऱ्याच्या तोंडाशी आडवं जाळं लावायचं नाही, टोपल्याही नाहीत. घरच्या कालवणापुरतं कुणी धरलं तर मी भांडणार नाही. लहानपणी मीही ते खाल्लेत आणि तशी चव पुन्हा वर्षभर लागत नाही. पण पोतं भरून विकायला नको.

मग धरायचं कधी? पाणी निवळलं की दिवाळीपासून पुढे गळानं. बांबूची काठी, तंगूस, लहान गळ, वजनाला शिशाचा तुकडा आणि तरंगायला मोरपिसाचा देठ, इतकंच लागतं. गळाला गांडूळ लावा नाहीतर कणकेची गोळी. मासा मधल्या जोराच्या धारेत थांबत नाही. धारेच्या कडेला जिथे फेस संथ फिरतो, तिथे तो खाण्याची वाट बघत असतो. गळ तिथेच सोडा. लहान मासा मिळाला तर ओल्या हातानं सोडवून परत पाण्यात टाका. कोरड्या हातानं त्याच्या अंगावरचा चिकटा जातो आणि मग तो रोगानं मरतो. चिलापी मात्र हवी तेवढी काढा. तिची मादी अंडी तोंडात सांभाळते, वर्षातून अनेकदा पिल्लं देते, ती काही लवकर संपत नाही.

मरळीचं वेगळं सांगते, कारण तिला बाजारात चांगला भाव आहे. पावसाळ्यात काठाजवळ पाण्यावर लालसर पिल्लांचा गोळा फिरताना दिसला तर समजा, खाली आईबाप राखण करतायत. त्या वेळी ते समोर येईल त्यावर तुटून पडतात, त्यामुळे गळाला पटकन लागतात. पण ते गेले की पिल्लांचा गोळा बाकीचे मासे संध्याकाळपर्यंत संपवतात. एका मरळीच्या पैशात शेकडो गेल्या.

आणि विषाचं. मागच्या उन्हाळ्यात एका डोहात कुणीतरी फवारणीचं औषध ओतलं. सकाळी लहान-मोठे सगळे मासे पांढरे पोट वर करून पडलेले. तेच पाणी गुरं पितात, तिथेच आपण धुणं धुतो. असा मासा फुकट मिळाला तरी घरी आणू नका. विष घालून किंवा स्फोट करून मासे मारणं १८९७ च्या मत्स्य कायद्यापासून गुन्हा आहे.

पोरांना एक सांगून ठेवा. बंधाऱ्यावरून पाणी पडत असताना भिंतीच्या पायथ्याशी उतरायचं नाही. तिथे पाणी उलटं फिरतं आणि माणसाला परत भिंतीकडे ओढतं, पट्टीचा पोहणाराही सुटत नाही. तापीकाठच्या बायांनी तर जास्तच जपावं. वर भुसावळकडे हतनूरला ४१ दरवाजे आहेत. ते उघडले की आपल्याकडे पाऊस नसतानाही पाणी चढतं. गावात दवंडी झाली की गळ-काठी सोडा आणि वर या.

बैठकीत शेवटी इतकंच ठरलं. बरगे पावसाआधी काढावेत म्हणून ग्रामपंचायतीला गटाच्या सह्यांचा अर्ज द्यायचा आणि पहिल्या पुराला गटानं मासेविक्री करायची नाही. मावशींनी सही केली, पण उठता उठता म्हणाल्या, "गटानं नाही करायची ठीक, पण पलीकडच्या गावचे पोतं घेऊन आले तर?" त्याला माझ्याकडे अजून उत्तर नाही. पलीकडच्या गावातही दोन गट आहेत. येत्या सोमवारी मी त्यांच्या बैठकीला जातेय, मावशींनाही सोबत नेतेय.