व्हरमाँटच्या डॉक्टरांचा आंबटगोड उतारा

अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातल्या व्हरमाँट या डोंगराळ राज्यात बॅरी नावाचं गाव आहे. गावाची ओळख करड्या ग्रॅनाइटच्या खाणींमुळे. स्कॉटलंड आणि इटलीतून आलेले पाथरवट तिथे दगड घडवायचे आणि दगडाची धूळ छातीत भरून अकाली मरायचे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला याच गावात डॉ. डिफॉरेस्ट क्लिंटन जार्विस यांनी दवाखाना थाटला. ते रीतसर शिकलेले, कान-नाक-घशाचे डॉक्टर. पण आसपासचे शेतकरी दुखणं आलं की आधी घरच्या उपायांकडे वळतात, हे त्यांच्या ध्यानात आलं. त्या उपायांत दोन गोष्टी हटकून असत: मध आणि सफरचंदाचं व्हिनेगर.

जार्विस यांनी हे उपाय हसण्यावारी नेले नाहीत, टिपून ठेवले. १९५८ साली त्यांचं ‘फोक मेडिसिन’ हे पुस्तक आलं आणि त्यावर लोकांच्या उड्या पडल्या. दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या. पुस्तकातला मुख्य उतारा अगदी साधा होता. पेलाभर पाण्यात दोन चमचे मध आणि दोन चमचे व्हिनेगर घालून रोज प्यायचं. सर्दीपासून सांधेदुखीपर्यंत सगळ्यावर हेच. पुढे ‘हनेगर’ या नावाने या मिश्रणाच्या तयार बाटल्याही बाजारात आल्या.

जार्विस यांनी या मिश्रणाचा शोध लावला, असं मात्र नाही. मध आणि व्हिनेगर एकत्र करून देण्याची चाल हिप्पोक्रेटिसच्या परंपरेतल्या ग्रीक वैद्यक ग्रंथांत आहे. खोकल्यात कफ सुटावा म्हणून ते देत. इराणात त्याचं सिकंजबीन झालं. वैद्य इब्न सिनाने त्यावर स्वतंत्र टिपण लिहिलं आणि युनानी हकिमांबरोबर ते हिंदुस्थानातही आलं. इराणी घरांत आजही मध किंवा साखरेचा पाक व्हिनेगर घालून उकळतात, त्यात पुदिन्याच्या काड्या टाकतात, आणि गार झालेल्या त्या पाकात लेट्यूसची कोवळी पानं बुडवून खातात. न्यू इंग्लंडच्या शेतांवर गवत कापणारे गडी पाणी, व्हिनेगर, काकवी आणि आलं यांचं ‘स्विचल’ पीत. उन्हातान्हात राबणाऱ्याला आंबटगोड, चवदार पाणी हवं, एवढंच त्यामागचं कारण. त्यात औषधाचा आव नव्हता.

आव आणला तो जार्विस यांनी. माणसाचं शरीर थोडं आम्लधर्मी असलं की रोगजंतूंचं फावत नाही, असं त्यांचं म्हणणं. रुग्णांची लघवी ते रंग बदलणाऱ्या कागदाने तपासत, गाईगुरांच्या चाऱ्यावर व्हिनेगर ओतून काय होतं ते पाहत आणि सगळ्याचं श्रेय व्हिनेगरमधल्या पोटॅशियमला देत. इथेच गाडी घसरली. रक्ताची आम्लता फुप्फुसं आणि मूत्रपिंडं इतक्या काटेकोरपणे सांभाळतात की दोन चमचे व्हिनेगरने तिच्यात तसूभरही फरक पडत नाही. लघवीची आम्लता बदलते, कारण शरीराला नको असलेलं तिथूनच बाहेर जातं. आणि पोटॅशियम? मोठा चमचाभर व्हिनेगरमध्ये ते जेमतेम ११ मिलिग्रॅम असतं. एका मध्यम केळ्यात ४०० च्या आसपास.

या पोटॅशियमच्या गोष्टीचा शेवट मोठा उपरोधिक आहे. १९९८ साली ऑस्ट्रियातल्या डॉक्टरांनी २८ वर्षांच्या एका तरुणीची हकिगत वैद्यकीय नियतकालिकात नोंदवली. ती कित्येक वर्षं रोज पाव लिटर सफरचंदाचं व्हिनेगर पीत होती. तिच्या रक्तातलं पोटॅशियम घसरलं होतं आणि हाडं ठिसूळ झाली होती.

सरकारने जार्विस यांच्या पुस्तकाविरुद्ध पाऊल उचललं, तेही मासलेवाईक. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने एका घाऊक विक्रेत्याकडच्या मध-व्हिनेगरच्या बाटल्यांबरोबर हे पुस्तकही जप्त केलं. पुस्तक म्हणजे बाटलीवरचं लेबलच, आणि ते लेबल खोटं, असा त्यांचा युक्तिवाद. १९६४ साली अपील न्यायालयाने तो फेटाळला. स्वतंत्रपणे विकलं जाणारं पुस्तक लेबल ठरत नाही, असा निकाल लागला. लेखनस्वातंत्र्याच्या दृष्टीने निकाल रास्तच होता. व्हिनेगर विकणाऱ्यांना तो फावला, हा भाग वेगळा.

मग यात खरं काहीच नाही का? आहे, आणि ते मुख्यतः मधाच्या बाजूने आहे. मुलांच्या सर्दी-खोकल्यावर झालेल्या चाचण्यांचा आढावा घेणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या अभ्यासकांना मधाचा थोडा पण खरा उपयोग आढळला. ब्रिटनच्या आरोग्ययंत्रणेनेही २०१८ साली साध्या खोकल्यावर प्रतिजैविकांआधी मध घेऊन पाहा, असा सल्ला दिला. निर्जंतुक केलेला मध जखमांच्या पट्ट्यांमध्ये वापरतात. आजीच्या बटव्याला इतकी दाद पुरे.

व्हिनेगरची बाजू लंगडी आहे. त्यातल्या ॲसेटिक आम्लामुळे जठर जरा सावकाश रिकामं होतं आणि भात-पाव खाल्ल्यावर रक्तातली साखर थोडी कमी उसळते. ॲरिझोना स्टेट विद्यापीठातल्या कॅरल जॉन्स्टन यांनी २००४ पासून हे दाखवून दिलं आहे. वजनाचं म्हणाल, तर जपानमध्ये लठ्ठ माणसांवर १२ आठवडे झालेल्या चाचणीत घट झाली ती किलो-दोन किलोंची. २०२४ मध्ये लेबनॉनमधल्या १२० तरुणांवरचा एक अभ्यास गाजला. त्यात सहा-आठ किलो वजन उतरल्याचा दावा होता. जगभरच्या वर्तमानपत्रांनी तो छापला. आकडेवारीवर शंका आल्याने पुढच्याच वर्षी नियतकालिकाने तो मागे घेतला. 

आता पुण्या-मुंबईच्या किराणा दुकानांतही सफरचंदाच्या व्हिनेगरच्या बाटल्या दिसतात. तळाशी गढूळ, चिकट साका. त्यालाच ‘मदर’ म्हणतात. सफरचंदाच्या रसाची यीस्ट आधी दारू करतं आणि मग जिवाणू त्या दारूचं आम्ल करतात. साका म्हणजे त्याच जिवाणूंचा आणि त्यांनी विणलेल्या धाग्यांचा गोळा. त्यात अपाय नाही, पण त्यासाठी दुप्पट पैसे मोजावेत असं त्यात काही सिद्धही झालेलं नाही. आपल्याकडे सकाळी गरम पाण्यात मध ढवळून पिणारे पुष्कळ, आणि आयुर्वेदाचा दाखला देणारेही तेच. चरकसंहितेने मध तापवू नये असं बजावलं आहे, हे मात्र त्यांच्या गावीही नसतं.

ज्यांना ही चव आवडते त्यांनी खुशाल प्यावं, पण व्हिनेगर पाण्यात नीट पातळ करूनच; नुसतं घोटलं तर दातांचं एनॅमल झिजतं आणि घसा पोळतो. इन्सुलिन किंवा लघवीची औषधं घेणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. आणि घरात तान्हं मूल असेल तर वर्ष पुरं होईपर्यंत त्याला मधाचं बोटही चाटवू नये. मधात बोट्युलिझमच्या जंतूंची बीजं असू शकतात. मोठ्यांच्या पोटात ती रुजत नाहीत, तान्ह्याच्या आतड्यात रुजतात आणि त्याला लुळं पाडतात. बारशाला मध चाटवण्याचा आग्रह धरणाऱ्या वडीलधाऱ्यांना हे आधीच सांगून ठेवा.