हिवाळ्यातील घराची ऊब : काल आणि आज

रब्बीची ज्वारी पोटरीत येण्याच्या सुमारास देशावर थंडीचा कडाका वाढू लागतो. निफाडच्या परिसरात तर काही वर्षी पारा ५ अंश सेल्सिअसच्याही खाली उतरतो. अशा वेळी शेतकरी पिकांची व जनावरांची काळजी वाहतो. परंतु ज्या घरात आपली मुले व वृद्ध माणसे निजतात, त्या घराच्या उबेचा विचार मागे पडतो.

खानदेशातील धाब्याची व मराठवाड्यातील माळवदाची जुनी घरे या दृष्टीने उपयुक्त होती. त्यांच्या मातीच्या जाड भिंती व छतावरील पांढऱ्या मातीचा थर दिवसाची उष्णता साठवून ठेवीत. ती सावकाश आत उतरे व रात्री खोली उबदार राही. चुलीतील निखारे राखेत झाकलेले असत. घराला लागून असलेल्या गोठ्यातील गुरांच्या अंगची ऊबही मिळे. मात्र या घरांत धूर कोंडे, उजेड कमी असे व माश्या-गोचिडांचा उपद्रव होई, हेही विसरता कामा नये.

आज अनेक ठिकाणी माळवदाच्या जागी पत्रे आले आहेत. पातळ पत्रा उष्णता साठवू शकत नाही. रात्री मोकळ्या आकाशाखाली तो झपाट्याने थंड होतो व पहाटे त्यातून आत पाण्याचे थेंब गळतात. २०१६ साली सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेमुळे अनेक घरांत गॅस आला आणि धूर कमी झाला. पण त्याबरोबर निखाऱ्यांची ऊबही गेली. म्हणून काही कुटुंबे दारे-खिडक्या लावून कोळशाची शेगडी निजण्याच्या खोलीत ठेवतात. ही सवय प्राणघातक आहे.

निखाऱ्यांना धूर नसला तरी त्यांतून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निघतो. त्याला रंग नाही व वासही नाही. रक्तात प्राणवायूची जागा तो घेतो. प्रथम डोके दुखते, चक्कर व मळमळ येते. झोपलेल्या माणसाला तर जागच येत नाही. म्हणून शेगडी अंगणातच पेटवावी व निजण्यापूर्वी ती घरात आणू नये. कोणास बाधा झाल्यास त्याला तत्काळ मोकळ्या हवेत न्यावे व विलंब न लावता रुग्णालयात पोहोचवावे.

ऊब राखण्याचे निर्धोक उपाय अल्प खर्चाचे आहेत :

१. पत्र्याखाली चार-पाच इंच अंतर सोडून बांबूच्या तट्ट्यांचे छत करावे. मधली कोंडलेली हवा थंडी अडविते. चुलीवर मात्र असे छत करू नये.

२. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. दक्षिणेची खिडकी दिवसा उघडी ठेवावी व सूर्यास्तापूर्वी लावावी. हवा खेळण्यासाठी वरचा झरोका मात्र कधीही बुजवू नये.

३. जमिनीची थंडी अंगाला लागते. म्हणून अंथरुणाखाली वाळलेला भाताचा पेंढा किंवा घोंगडी घालावी.

पूर्वीची माळवदे पुन्हा बांधणे प्रत्येकास शक्य नाही. परंतु दिवसाची ऊब रात्रीसाठी राखण्याची त्यांची युक्ती पत्र्याच्या घरातही साधता येते. हे काम थंडी वाढण्यापूर्वीच उरकून घ्यावे.