फेस, मेण आणि सुगंध : ७
किलोला किती कॉस्टिक?

आज ट्रेसवर, म्हणजे मिश्रण घट्ट होऊ लागतं त्या टप्प्यावर, लिहायचं कबूल केलं होतं. ते पुढच्या आठवड्यावर ढकलतो, कारण खानवेलच्या एका ताईंची चिठ्ठी आली आहे आणि तिला उत्तर न देता पुढे गेलो तर कुणाची तरी कातडी सोलवटेल. त्या विचारतात, "तुमची नारळतेलाची कृती तशीच ठेवून डोळीचं तेल वापरलं तर चालेल का? आमच्याकडे घाण्यावर ताजं मिळतं."

डोळीचं, म्हणजे मोहाच्या बियांचं तेल साबणाला झकास. पण ताई, कृती तीच? अजिबात नको.

नारळाच्या कृतीत आपण किलोभर तेलाला १७४ ग्रॅम कॉस्टिक घेतलं होतं. मोहाचं किलोभर तेल फार तर १४० ग्रॅम पचवतं. म्हणजे निदान ३४ ग्रॅम कॉस्टिक मोकळंच राहणार, आणि एवढं कॉस्टिक क्युअरिंगच्या, म्हणजे वडी मुरवण्याच्या, भरवशावर सोडता येत नाही.

असं का होतं? नारळतेलात जवळजवळ निम्मं लॉरिक आम्ल, त्याच्या साखळीत कार्बनचे १२ अणू. मोहात पामिटिक, स्टिअरिक, ओलेइक असा लांब साखळ्यांचा भरणा. १६ आणि १८ कार्बनवाल्या. किलोभर चिंचोके आणि किलोभर आंब्याच्या कोयी मोजायला घ्या, चिंचोक्यांचीच संख्या जास्त भरेल. तसंच आखूड साखळ्या किलोत जास्त मावतात, आणि दर साखळीला कॉस्टिकचा एक रेणू लागतो.

हा हिशेब ज्या आकड्यावर चालतो तो साबणीकरण अंक, आपल्या धंद्यातली 'सॅप व्हॅल्यू'. गंमत म्हणजे तो साबणवाल्यांनी शोधलेला नाही. १८७९ मध्ये जोसेफ क्योट्टस्टॉर्फर या रसायनज्ञाने लोण्यातली भेसळ पकडायला ही रीत काढली. लोण्यात ब्युटिरिकसारखी अगदी आखूड आम्लं असतात, म्हणून त्याचा अंक २२०च्या वर जातो. गुरांची चरबी १९५च्या आसपास घुटमळते. चरबी मिसळली की अंक घसरला आणि चोर सापडला!

पुस्तकात हा अंक बघताना एक सांभाळा. तो कॉस्टिक पोटॅशचा असतो, एक ग्रॅम तेलाला इतके मिलिग्रॅम. आपण वडीसाठी कॉस्टिक सोडा वापरतो, तेव्हा त्याला १.४०३ ने भागायचं. मोहाचा अंक १८७ ते १९६, म्हणजे किलोला १३३ ते १४० ग्रॅम सोडा. नारळाचा २४८ ते २६५, म्हणजे १७७ ते १८९.

'ते' या शब्दावर थांबा. घाण्यावरच्या तेलाचा नेमका अंक कुणी लिहून देत नाही. मग धरायचा कोणता? माझा नियम असा: खालचा आकडा धरायचा आणि त्यातूनही पाच टक्के कापायचे. मोहाला १३३ मधून पाच टक्के गेले, राहिले १२६ ग्रॅम. तेल खालच्या टोकाचं निघालं तर सुपरफॅट, म्हणजे साबण न होता उरणारं तेल, पाच टक्के; वरच्या टोकाचं निघालं तर दहा. दोन्हीकडून कातडी वाचली. 'सुपरफॅटने त्वचा मऊ होते' हे वेष्टनावर छापायला ठीक आहे. घरी साबण करणाऱ्याने पाच टक्के कापायचे, ते आपल्याला ठाऊक नसलेल्या तेलासाठी.

आता ताईंच्या 'ताजं' या शब्दाला दाद. मोहाची फळं पिकतात ती पावसाच्या तोंडावर. बी नीट वाळलं नाही की आपल्याकडच्या दमट हवेत ते कुबट होतं आणि तेलात मोकळी आम्लं वाढतात. कॉस्टिक पडताच ही आम्लं क्षणात साबण होतात, मिश्रण भराभर घट्ट होतं, गुठळ्या येतात आणि साच्यात ओतायलाही वेळ मिळत नाही. तेव्हा बी खडखडीत वाळलेलं, तेल त्याच हंगामातलं.

कॉस्टिकचा डबाही झाकलेला हवा. सामरवरणीच्या पावसात उघडं कॉस्टिक बघता बघता पाझरू लागतं. मग वजनात पाणीही मोजलं जातं आणि वडी तेलकट होते.

आणि ताई, नुसत्या मोहाचा साबण फेसाला कंजूष. ७०० ग्रॅम मोह आणि ३०० ग्रॅम नारळ घ्या. खालचे आकडे धरून ९३ अधिक ५३, झाले १४६; पाच टक्के कापून १३९ ग्रॅम कॉस्टिक. काटा एका ग्रॅमपर्यंतचा, भांडं स्टीलचं. ॲल्युमिनियम बिलकूल नाही. कॉस्टिक पाण्यात घालायचं, पाणी कॉस्टिकवर कधीच नाही. थंडीत मोहाचं तेल थिजतं, तेव्हा आधी वितळवून, ढवळून मगच तोला.

वडी जमली तर कळवा. घट्ट व्हायला किती वेळ लागला तेही घड्याळ बघून लिहा. ट्रेसच्या लेखाला तो आकडा कामी येईल.